स्टार्ट बटण काढलं, तिथेच चुकलं

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गेलं; त्याच्या मेनूऐवजी टाइल्सची, म्हणजे चौकोनी खणांची, अख्खी स्क्रीन आली. विंडोज ९५ पासून, म्हणजे १७ वर्षं, हात आपोआप तिथेच जायचा. लोक बदलाला घाबरतात म्हणून ओरडले, असं म्हणणं अन्यायाचं आहे. साधं कॉम्प्युटर बंद करणं बघा: माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, पट्टी आली की सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. त्या कोपऱ्यात काही दडलंय याची पडद्यावर खूणसुद्धा नाही! टचस्क्रीनवर कडेवरून बोट आत ओढलं की झालं. पण रिमोट डेस्कटॉप (म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या कॉम्प्युटरवर) लहान विंडोत उघडला असेल, तर माउस कोपऱ्यावर न थांबता बाहेर निसटतो.

ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परतलं, पण दाबल्यावर मेनू नाही, तीच टाइल्सची अख्खी स्क्रीन. निदान एवढं करता येतं: टास्कबारवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, नेव्हिगेशन टॅब, आणि साइन इननंतर थेट डेस्कटॉप उघडण्याच्या पर्यायावर टिक. कीबोर्डवर विंडोज आणि एक्स एकत्र दाबलं की जी यादी उघडते, तिच्यात शट डाउनही मिळतं. खरा मेनू मात्र २०१५ च्या विंडोज १० मध्येच परत आला.