उस मद में पैसा नहीं है

माझी भाची इंदूरजवळच्या एका ब्लॉकमध्ये नॅशनल हेल्थ मिशनचे हिशोब बघते. रविवारी आमच्याकडे आली की पोहे-जलेबी खाता खाता तिचे फोन सुरूच. "भैया, उस मद में पैसा नहीं है." आता आम्हा इंदूरच्या रामबागेतल्या मराठी मंडळींना मद म्हणजे गर्व, नाहीतर हत्तीच्या गंडस्थळातून वाहतो तो. तिचा मद म्हणजे खर्चाचं हेड, पैसा कुठल्या कामासाठी ते सांगणारा रकाना.

परवा विचारलंच, पेपरात रोज इतके कोटी मंजूर, तितके कोटी मंजूर, मग तुमच्या आरोग्य उपकेंद्रात साधा बल्ब का नाही गं? म्हणाली, मामा, मंजूर म्हणजे आले असं नाही. राज्य वर मागणी पाठवतं ती पीआयपी, दिल्ली त्यातलं जे मान्य करते ते लिहून येतं ती आरओपी, इथपर्यंत नुसता कागद. पैसा त्यानंतर, केंद्राचे 60 राज्याचे 40, तेही हप्त्याहप्त्याने. त्यात 2021 मध्ये एसएनए आलं, म्हणजे राज्यात एकच मुख्य खातं, तेव्हापासून खालची खाती झीरो बॅलन्सची, वरून लिमिट मिळते तेवढंच पेमेंट करायचं. मी जन्मभर बँकेत, तरी मला हे दोनदा समजावून घ्यावं लागलं.

मग अनटाइड फंड, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा. हिंदीत अनाबद्ध राशि. मला वाटलं बांधलेला नाही म्हणजे हवा तसा उडवा! कसलं काय, गावाच्या स्वास्थ्य समितीला वर्षाचे 10,000 असतात त्यालाही मीटिंग, ठराव, सह्या. एका सिस्टरबाईंनी उपकेंद्रासाठी बादली, पडदा घेतला, वजनकाटा दुरुस्त करवला, दुकानदाराने वहीचं पान फाडून पेन्सिलीने लिहिलं, "सामान 640". झालं, पक्कं बिल नाही तर खर्च बुकात धरत नाहीत, खर्च दिसला नाही की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्याप्रमाणे वापरल्याचा दाखला, अडतं, आणि ते अडलं की पुढचा हप्ता. तोवर बाईंच्या पर्सचे 640 गेलेले. नियम बरोबर आहे हो, पण त्या गावात जीएसटीवालं बिल देणार कोण?

एका शब्दाचा उगम मात्र मी तिला सांगितला. रोगी कल्याण समिती ही आपल्या एमवायची, इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची देणगी. 1994 मध्ये सुरतेला प्लेग झाला, त्या धास्तीने इथे एमवाय रिकामं करून उंदीर मारले, धुऊनपुसून काढलं, आणि ते तसंच राहावं म्हणून समिती नेमली, लोकांकडून थोडी फी घ्यायची आणि ती तिथेच खर्च करायची. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य मिशन आलं आणि हीच पद्धत देशभर गेली. भाची रोज ते नाव टाइप करते, तिला पत्ताच नव्हता! ती काहीतरी विचारणार तेवढ्यात परत फोन.

"भैया, पक्का बिल लाओ पहले."