पाइपातला दगड आणि माझी शीट

चार दिवस एकाच आकड्याशी भांडतेय. काम असं: सांडपाण्यातलं स्फुरद परत मिळवून त्याचं स्ट्रुव्हाइट नावाचं खत केलं, तर ते खर्चाला आणि पर्यावरणाला परवडतं का, हे मॉडेलमध्ये, म्हणजे माझ्या हिशेबाच्या एक्सेलसारख्या शीटमध्ये, मांडायचं. बायोगॅसची वीज आणि खत वजा केल्यावर पहिल्या फेरीत कार्बनचा आकडा इतका खाली आला, की मलाच संशय आला.

चूक नत्राच्या ओळीत निघाली. सांडपाण्यातल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू निघतो; त्याचा आकडा मी जुन्या शीटमधून जसाच्या तसा उचलला होता: माणशी वर्षाला ३.२ ग्रॅम, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००६च्या मार्गदर्शिकेतला. २०१९च्या सुधारणेत तोच हिशेब येणाऱ्या नत्राच्या १.६ टक्के असा झाला. आता सांडपाण्याच्या घनमीटरला ४० ग्रॅम नत्र धरा. त्यातलं ०.६४ ग्रॅम उडतं, म्हणजे वायू साधारण १ ग्रॅम. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. झाले की पावणेतीनशे ग्रॅम! ब्लोअर-पंपांची वीज मी ०.४ युनिट धरली होती, युनिटमागे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड. ते झाले २०० ग्रॅम. जुन्या आकड्याने नत्राची ही ओळ जेमतेम दहा-बारा ग्रॅमची होती.

खत? घनमीटरमागे ६ ग्रॅम स्फुरद, त्यातला पाचवा हिस्सा हाती लागला तर स्ट्रुव्हाइट साडेनऊ ग्रॅम. या बेरजेत ते चिमूटभर.

मग हा उद्योग करायचाच कशाला? इथे मला एक फिटर आठवतो. गाळ पिळल्यावर निघणारं पाणी नेणाऱ्या लाइनचा कापलेला एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण, त्याने माझ्यापुढे ठेवला होता. आत पांढरा, खडबडीत थर. मूठ जाईल अशा भोकात जेमतेम बोट जात होतं. “मॅडम, हे छिन्नीला पण दाद देत नाही, पाइपच बदलतो आम्ही.” वळणावर पाणी घुसळतं, कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढतो आणि मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट तिथेच बसकण मारतात. तेच स्ट्रुव्हाइट, फक्त नको त्या जागी. ते आधीच खत म्हणून काढून घेतलं, तर पाइप वाचतो.

माझ्या शीटमध्ये देखभाल म्हणजे भांडवली खर्चाचे ठरावीक टक्के. बरेच जण तसं करतात. त्यामुळे पाइप वाचला काय, तुंबला काय, आकडा ढिम्म हलत नाही. ती ओळ मी आता फोडलीय. एका प्रकल्पाकडून बंद पडल्याच्या नोंदी मागवल्या, तर आले रजिस्टरच्या पानांचे फोटो. ‘लाइन चोकअप’ मोजत बसलेय. अक्षर भयंकर आहे.