दादाच्या हातातल्या घड्याळाविषयी, तुम्ही विचारलंत म्हणून

दादा, माझा थोरला भाऊ, एका रात्री हृदयविकाराने गेला. तेव्हापासून मला दोन प्रश्न विचारले जातात आणि ते बहुधा एकामागोमाग येतात. पहिला, "हातात घड्याळ होता ना, मगे कळला कसा नाय?" आणि दुसरा, माझ्या मनगटाकडे पाहत, "आणि तुम्ही अजून कशा घालता?" देवगडच्या बाजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या अर्ध्या ओळखीच्या बाईकडूनही हे प्रश्न आले आहेत. बहुतेक वेळा मी "नशीब" एवढेच म्हणून विषय संपवते, कारण उभ्या उभ्या सांगण्यासारखे ते नाही. पण "नशीब" हे माझे उत्तर नव्हे. मी मुलांना विज्ञान शिकवते, आणि याच बाबतीत गप्प राहिले तर ते मला शोभणार नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

पहिल्या प्रश्नात एक आरोप असतो. विचारणाऱ्याच्या मनात तो नसेलही, पण तो घड्याळापाशी थांबत नाही. घड्याळाला कळले असणार, म्हणजे ते फोनवर आले असणार, म्हणजे घरातल्या कोणीतरी ते पाहायला हवे होते, असा सरकत सरकत तो वहिनीपर्यंत पोहोचतो. तिच्यासमोर हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी एकदोनदा चिडले आहे आणि त्याबद्दल मला वाईट वाटलेले नाही.

दादाच्या हातात होता तो साधा फिटनेस बँड. त्याच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातले रक्त कमीजास्त होते आणि परत येणाऱ्या प्रकाशातला तो फरक टिपून बँड नाडी मोजतो. तो मोजतो ती एवढीच गोष्ट. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी आतून बुजत चालली असेल तर ते मनगटाच्या कातडीखाली दिसत नाही. अडथळा मोठा असलेल्या माणसाची बसल्या जागची नाडी सत्तरही असू शकते. रुग्णालयात ईसीजी काढताना छातीवर आणि हातापायांवर दहा इलेक्ट्रोड लावून हृदयाकडे बारा दिशांनी पाहतात. महागड्या घड्याळांत ईसीजीची जी सोय असते ती एकाच दिशेने पाहते, आणि हृदयविकाराचा झटका या घड्याळाला ओळखता येत नाही असे ॲपलसारखी कंपनी स्वतःच बजावून सांगते. दादाच्या बँडमध्ये तर तीही सोय नव्हती. बॅटरी पुरावी म्हणून तो दर दहा मिनिटांनी एकदा नाडी पाहत असे. हृदयाची लय एकदम विस्कटली तर काही सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. हे सारे दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत होऊन जाऊ शकते.

भाचा पुण्याला असतो, बँड त्यानेच दिलेला. त्याने मला एका अभ्यासाची बातमी पाठवली होती, की घड्याळ हृदयाचा आजार ओळखते हे सिद्ध झाले आहे. तो अभ्यास मी वाचला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, ४,१९,२९७ माणसांचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. त्यात अनियमित नाडीची सूचना ०.५२ टक्के लोकांना गेली, आणि शोध होता तो एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा, ज्यातून पुढे पक्षाघाताचा धोका वाढतो. अभ्यास चांगला आहे. पण दादाला जे झाले त्याचा तो नाही, आणि हे भाच्याला समजावताना मला बँडची बाजू घ्यावी लागली, जी घेण्याची माझी त्या दिवशी मुळीच इच्छा नव्हती.

आमच्या गावात राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, दरवर्षी राखण म्हणून मान देतात आणि सड्यावरच्या कलमांची, गुराढोरांची, रात्री उशिरा परतणाऱ्या माणसाची काळजी त्याच्यावर सोपवून निश्चिंत होतात. बँडकडूनही लोकांनी तीच अपेक्षा ठेवली, असे मला वाटते. भाच्याने ठेवली, वहिनीने ठेवली. बँडचे काम मात्र नोंद ठेवण्याचे होते.

दादाला त्या नोंदी आवडत असत, हे सांगायलाच हवे. आंब्याच्या हंगामात तो रात्री वाशीच्या गाडीत पेट्या चढवून बाराला आडवा होई आणि पहाटे चारला उठे, पण रोज दहा हजार पावले पुरी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कमी पडली तर जेवणानंतर खळ्यात फेऱ्या मारून तो ती भरून काढी. मी त्याला सांगितले होते की हा आकडा कोणा डॉक्टरने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले घातली, तिथून तो जगभर गेला. वयस्क स्त्रियांवर झालेल्या २०१९ च्या एका अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा लाभ दिसला नव्हता, हेही मी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि "दहा हजार म्हणजे दहा हजार" म्हणून पुन्हा खळ्यात उतरला. त्या वेळी मला त्याचा हट्ट आवडला होता. आजही आवडतो.

आता जे मी आजवर कोणालाही पूर्ण सांगितलेले नाही, ते.

एप्रिलचा महिना होता. वहिनी साडेपाचला उठली. दादा भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजलेला होता. रात्री गाडी उशिरा सुटली होती, म्हणून तिने त्याला हाक मारली नाही आणि गड्यांच्या भाकऱ्या करायला ती चुलीपाशी गेली. साडेसहाच्या सुमारास चहासाठी उठवायला आली तेव्हा कळले. साडेसातला डॉक्टर आले. जबडा आणि मान ताठरली होती. मृत्यू होऊन निदान दोन-तीन तास झाले असावेत, असे त्यांनी सांगितले. तेराव्यानंतर भाच्याने दादाचा फोन उघडला आणि बँड जवळ नेताच त्या रात्रीची सगळी नोंद फोनवर उतरली.

आलेख मला पाठ आहे. साडेतीनपर्यंत नाडी ५८ ते ६०, दादाची नेहमीची. तीन चाळीसला ११२. तीन पन्नासला १२४, आणि त्या वीस मिनिटांवर "जागे" अशी खूण. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग मध्येच एखादा ठिपका: चार पन्नास, पाच वीस, सहा. आणि चार ते सव्वासहा या सगळ्या काळावर गडद निळा पट्टा, ज्याचा अर्थ त्या ॲपमध्ये गाढ झोप असा होतो. वर झोपेचे गुण दिले होते, शंभरपैकी ८१.

भाचा उठून बाहेर गेला. वहिनीने मात्र सहाच्या ठिपक्यावर बोट ठेवले. "सहाक नाडी होती," ती म्हणाली. साडेपाचला ती त्याच्या शेजारून उठून गेली होती. सहाला नाडी असेल तर ती एका जिवंत माणसाला सोडून भाकऱ्या करायला गेली होती, असा त्याचा अर्थ तिने लावला, आणि त्या दिवसापासून तिचे जेवण तुटले. डॉक्टरांचे म्हणणे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितले. सहाला नाडी असती तर साडेसातला मान ताठरलेली नसती. ती म्हणे की डॉक्टर अंदाजाने बोलले, यंत्र लिहून ठेवते.

म्हणून एका दुपारी मी पंच्याची घट्ट गुंडाळी केली आणि तिच्यासमोर माझा बँड त्या गुंडाळीवर बांधला. पहिल्यांदा आडव्या रेघाच आल्या. दुसऱ्यांदा हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकला आणि आकडा आला, ७४. मी तिला समजावले, की परत येणाऱ्या प्रकाशात हे यंत्र लय शोधते, आणि खरी लय सापडली नाही तर जराशी थरथर किंवा बाहेरच्या उजेडातला फरक यांतूनही आकडा काढते. चीनमध्ये लोकांनी असे बँड कागदाच्या गुंडाळ्यांवर बांधून नाडी आलेली दाखवली होती, तेही सांगितले. आणि गाढ झोपेचे म्हणाल तर झोप खरोखर मोजायची असेल तेव्हा प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहतात. मनगटावरच्या यंत्राजवळ हालचाल टिपणारा सेन्सर आणि हा दिवा एवढेच असते. माणूस जागा राहून निश्चल पडला तरी अशी यंत्रे त्याला बरेचदा झोपलेला धरतात. दादा निश्चल होता, म्हणून त्याने झोप लिहिली.

वहिनीने सगळे ऐकले. पंच्यावरचा आकडाही पाहिला. मग म्हणाली, "मगे पावणेचारचा तरी खरा कशावरून गो?"

याचे उत्तर मला देता आले नाही, आणि तुम्ही मला विचारता त्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न कितीतरी अवघड आहे. तीन चाळीसचा आकडा मी तपासून न पाहता खरा मानला होता. त्यामुळे मृत्यू साडेपाचच्या आधी जात होता आणि वहिनी सुटत होती, डॉक्टरांचे म्हणणेही त्याला जुळत होते. पण तो आकडा खरा मानला तर त्याच्या शेजारची "जागे" ही खूणही खरी मानावी लागते. म्हणजे दादा वीस मिनिटे जागा होता, नाडी दुप्पट होती, बहुधा वेदना होती, आणि हाताच्या अंतरावर झोपलेल्या बायकोला त्याने हाक मारली नाही, किंवा मारली आणि तिला ऐकू आली नाही. तो आकडाही खोटा म्हणावा तर वहिनीला समजावायला माझ्याकडे डॉक्टरांच्या शब्दापलीकडे काही उरत नाही. नोंद एकच आहे. तिचा सोयीचा अर्धा भाग तेवढा घेता येत नाही.

त्यानंतर मी माझ्याशीच खूप भांडले. एक बाजू म्हणते, पहिले आकडे जिवंत माणसाच्या मनगटावरचे आहेत, त्याच्या नेहमीच्या नाडीपासून सलग चढत गेलेले आहेत, म्हणून ते विश्वासार्ह. दुसरी म्हणते, घाम सुटला, मनगट दुमडले, पट्टा सैल झाला तरी असेच आकडे येतात आणि शरीराच्या हालचालीचीच लय बँड कधी कधी नाडी म्हणून धरतो. वर्गात मी मुलांना सांगत आले की माहिती नसण्यापेक्षा असलेली बरी. ते सांगणारी मी खोटे बोलत नव्हते. पण ती नोंद नसती तर वहिनी डॉक्टरांच्या शब्दावर विसंबून आज जेवली असती, हेही तितकेच खरे आहे, आणि या दोन्हींपैकी एक सोडून देणे मला जमलेले नाही.

दुसरा प्रश्न राहिला, मी अजून का घालते. जे या यंत्राला येते तेवढे मी त्याच्याकडून घेते. एका रात्रीचा आकडा मी पाहत नाही, काही आठवड्यांचा कल पाहते. गेल्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, विश्रांतीतली नाडी दोन रात्री वाढलेली दिसली; अंगात एक अंश सेल्सिअस ताप चढला की नाडी साधारण दहाने वाढते. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते, म्हणून मी लगेच रक्त तपासून घेतले. साधा ताप निघाला. झोपेचे गुण मी बंद करून टाकले आहेत. निजण्याची आणि उठण्याची वेळ मला पुरते. गुणांच्या मागे लागून उलट झोप उडालेल्या रुग्णांविषयी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ सालीच लिहिले आहे.

हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. दादानंतर मी वाढलेल्या नाडीची सूचना चालू केली, जी पूर्वी मला अनावश्यक वाटत असे. सूचना आली तर काय करायचे हे मी ठरवून ठेवले आहे. आमच्याकडून मोठ्या रुग्णालयासाठी कोल्हापूर गाठायचे म्हणजे रात्री फोंडा घाट चढायचा, आणि तेवढ्या वेळात काय काय होऊ शकते हे मला ठाऊक आहे, तरीही ती सूचना मी बंद करत नाही. भीतीने घालते का, असे कोणी स्पष्ट विचारले तर काही प्रमाणात होय. केवळ भीतीने घालते का, तर नाही. यापेक्षा नेमके मला सांगता येत नाही.

दादाचे खाते अजून तसेच आहे. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात मृत्यूनंतर आपले हक्क कोणी वापरावेत त्याचे नाव देऊन ठेवण्याची तरतूद आहे. दादाने कोणाचे नाव दिले नव्हते. सड्यावर चाललेल्या पावलांची अशी वाटणी करावी लागेल हे त्याच्या मनातही आले नसेल. भाचा म्हणतो, आत्या, सगळे पुसून टाकू. वहिनी म्हणते, पावले राहू देत, फक्त ती एक रात्र काढा. भाच्याने पाहिले, त्या ॲपमध्ये एकच रात्र वेगळी काढण्याची सोय त्याला सापडली नाही. ठेवायचे तर सगळे, पुसायचे तर सगळे. याबाबत वहिनी म्हणेल तेच होईल असे मी त्याला सांगितले आहे. त्याला ते पटलेले नाही, आणि वहिनीने अजून काही ठरवलेले नाही.