उताराची जागा

जुनी गाडी बाळगणारा माणूस कुठेही गेला की सावली बघत नाही, आधी उतार बघतो. स्टार्टरने दगा दिला तरी उतारावर गाडी एकट्याने चालू करता येते. इग्निशन चालू, क्लच दाबलेला, गिअर दुसरा. हँडब्रेक सोडायचा, गाडीने जरा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. एक गचका बसतो, गाडी दोनदा खोकते आणि सुरू होते. पण मोक्याच्या उतारावर नेमकी ‘गाडी उभी करू नये’ अशी पाटी असते. माझ्या निम्म्याहून अधिक पावत्या त्या पाटीखालीच फाटल्या आहेत.

उरलेल्या पिवळ्या दिव्याच्या. माझी गाडी थांबली की विझते, त्यामुळे लाल दिव्यापाशी डावा पाय क्लचवर, उजव्याचा चवडा ब्रेकवर आणि टाच अ‍ॅक्सिलरेटरवर अशी माझी कसरत चालते. साहजिकच पिवळा दिसला की पाय आपसूक दाबला जातो. (हे पोलिसाला सांगून पाहिलं. “मग गॅरेजला न्या,” म्हणत त्याने पावती पुढे केली. त्याचं बरोबरच होतं.) 1896 साली इंग्लंडमध्ये वॉल्टर अर्नोल्ड या गृहस्थाला वेगाबद्दल दंड झाला होता. मर्यादा ताशी 2 मैलांची, हा निघाला होता 8 मैलांनी, आणि पोलिसाने त्याला सायकलवरून गाठलं. माझ्या गाडीला गाठायला आजही सायकल पुरे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. एकदा मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात फ्यूज शोधताना विम्याचा कागद हाती आला. मुदत संपून अकरा दिवस झाले होते, आणि त्या अकराही दिवशी मी गाडी बाहेर काढली होती.

“या डबड्याचा कसला आलाय विमा!” असं मीही चारचौघांत म्हणत असे. डबड्याला किंमत नाही हे खरंच. पण थर्ड पार्टी विमा डबड्यासाठी नसतोच मुळी, डबडं ज्याच्यावर जाऊन आदळेल त्याच्यासाठी असतो. धडकणारी गाडी जुनी होती म्हणून कुणाचं हाड स्वस्तात जुळत नाही. माझे ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतात, ही एरवी मी कौतुकाने सांगायची गोष्ट. त्या क्षणी ती आठवली आणि तळव्यांना घाम फुटला.

गाडी होती तिथेच ठेवली. म्हणजे त्याच पाटीखाली, उतारावर. नवा विमा हाती येईपर्यंत वायपरखाली दोन पावत्या जमल्या, त्या कुरकुर न करता भरल्या. मेकॅनिकला तिथेच बोलावून ब्रेकचं काम करून घेतलं.

मग हँडब्रेक सोडला. वेग आला, क्लच सोडला, गचका बसला. गाडी खोकलीसुद्धा नाही. उतार संपत आला तसा ब्रेक दाबला. तो मात्र पहिल्याच दाबाला लागला.