मांडी कुठून आणू?

मे महिन्यात माझ्या दोन्ही जीन्सनी एकदमच मान टाकली. जुनी मांडीशी घासून विरली, ते ठीक. सहा वर्षं वापरली होती. दुसरी मात्र तीनच महिन्यांपूर्वी मोबाइलवरच्या सेलमध्ये ५९९ रुपयांना घेतलेली. पहिल्या दिवशी अंगाला चापून बसली. तिसऱ्या धुण्याला गुडघ्यांना पिशव्या आल्या आणि ऑफिसात दुपारनंतर दर दहा मिनिटांनी ती वर ओढावी लागायची. मग लेबल वाचलं: निम्मं पॉलिएस्टर. घेताना फोटोच पाहिला होता.

मॉलमध्ये मनासारखी जीन्स अडीच-तीन हजारांच्या खाली मिळेना. तेवढ्यात भांडुप ते सीएसएमटीचे कितीतरी पास निघतात. म्हणून लंच टाइमात फॅशन स्ट्रीट गाठला. आझाद मैदानासमोरच्या त्या रांगेत ट्रायल रूम वगैरे भानगड नसते. गाळेवाल्याने जीन्सचा पट्टा माझ्या गळ्याभोवती धरला, दोन्ही टोकं मानेमागे टेकवली आणि म्हणाला, "गळ्याला बसली की कमरेला बसली, मॅडम." तसं ते खरंच निघालं. कमरेला बसली असतीच, पण घरी मांडीवरच अडली. दुसऱ्या दिवशी कुरकुरत का होईना, त्याने एक नंबर मोठी बदलून दिली. ती चढली, पण जूनच्या पहिल्या सरीत स्टेशनपासून घरी भिजत आले, तर क्रीम कुर्त्याचा खालचा वीतभर भाग निळा!

कुणीतरी सांगितलं, मिठाच्या पाण्यात व्हिनेगर घालून भिजव, रंग पक्का होतो. अर्धी बाटली ओतली. दोन दिवस आमच्या न्हाणीघराला चायनीजच्या गाडीचा वास येत होता, रंग जायचा तो गेलाच. नंतर कळलं की इंडिगो सुताच्या वरवरच बसतो, आतला गाभा पांढराच राहतो. जीन्स विटते ती त्यामुळेच, आणि मीठ-व्हिनेगरने तो पक्का होत नाही.

ऑफिसातली एक मैत्रीण उल्हासनगरची, म्हणजे जीन्सच्या माहेरचीच. (तिथल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी वालधुनी नदीची काय दशा केली, तेही तिच्याकडूनच ऐकलं.) एका शनिवारी तिच्यासोबत कॅम्प पाचमध्ये गेले. खरेदी शून्य. एकटी जीन्स कुणी देईना. सगळ्या नंबरांचा सेट घ्या म्हणत. पण एका शिलाईच्या गाळ्यात तपासणीला बसलेल्या बाईंजवळ अर्धा तास रेंगाळले, तो मात्र वसूल झाला. त्यांच्यापुढे जीन्सचा ढीग होता आणि त्या एकही सुलटी बघत नव्हत्या. उलटी करायच्या, दोन्ही अंगठे शिवणीवर ठेवून कापड ताणायच्या. "टाके दात दाखवायला लागले की बाजूला काढायची," म्हणाल्या. खिशांच्या कोपऱ्यांवर बारटॅकची दाट शिलाई आहे का, आतलं खिशाचं कापड जाड सुती आहे की चाळणी, हे बोटानेच कळतं. गुडघ्यावर पांढरी पडलेली, फाडलेली फॅशनची जीन्स त्यांनी हातानेच नको म्हटली. रंग उतरवताना सुताचा जीवही जातो.

खरं ज्ञान दिलं ते आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी. मांडीवर अडलेल्या जीन्सची गोष्ट ऐकून म्हणाले, "ताई, कंबर मी आत घेईन, पायाची मोहरी बारीक करीन, लांबी कापीन. मांडी कुठून आणू?" तयार जीन्समध्ये उसवून सोडायला कापडच नसतं. म्हणून माप मांडीचं आणि आसनाचं (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं) घ्यायचं, कमरेचं नंतर. माझी जुनी, विरलेली जीन्स त्यांनी टेबलावर पसरली, टेप लावली आणि पाच आकडे बिलाच्या मागे लिहून दिले.

तो कागद, टेप आणि एक पांढरा रुमाल पर्समध्ये टाकून पुन्हा फॅशन स्ट्रीट. गाडी सँडहर्स्ट रोडला थांबली तेव्हा गंमत वाटली. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द तिथल्याच डोंगरीवरून गेलाय. तिथलं जाडंभरडं सुती कापड साहेबाच्या देशात गेलं, कामगारांचे कपडे झालं. आणि मी डोंगरीवरून रोज जाऊन-येऊन जीन्ससाठी वणवण करतेय.

या वेळी कापलेल्या टॅगचा सरप्लस, म्हणजे कंपन्यांचा उरलेला माल बघितला. झिपवर मोठी नावं कोरलेली असतात, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. चेन अर्ध्यावर सोडून ओढली तरी घसरत नाही ना, तेवढं बघते. रुमालाचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून गडद जीन्सवर घासलं. तिसऱ्या जीन्सला रुमाल जेमतेम निळसर झाला. आतल्या लेबलवर ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा. कापड मध्यम जाडीचं, दहा-अकरा औंसांचं असावं. औंस म्हणजे चौरस यार्डाचं वजन. चौदा औंसांच्या जीन्सचं कौतुक करणाऱ्यांनी ती जुलैत मुंबईच्या खोलीत वाळवून दाखवावी.

गाळेवाला माझं टेप लावणं बघत होता. ९०० म्हणाला. मी ३५० म्हणाले. दोनदा पाठ फिरवल्यावर ४५० ला तुटला. काकांनी कंबर दीड इंच आत घेतली आणि लांबी कापताना खालची मूळची पट्टी तशीच ठेवून जोडली. १२० रुपये झाले. पहिले दोन वॉश उलटी करून, वेगळ्या बादलीत, आणि वाळवली सावलीत. आता चार महिने झाले, गुडघे जागेवर आहेत. बायकांच्या जीन्सला खिसे नावापुरते का शिवतात, हे मात्र मला अजून समजलेलं नाही. मोबाइल अर्धा बाहेर लोंबतो आणि गर्दीच्या डब्यात जीव टांगणीला.

दिवाळीआधी भाचीसाठी घ्यायला त्याच गाळ्यावर गेले. मला बघताच त्याने ढिगातून दोन काढल्या, स्वतःच उलट्या केल्या आणि पुढे सरकवत म्हणाला, "घ्या मॅडम. रुमाल आणलाय ना?"