बुलेट अपडेट: हेड स्टेडीचा नट फिरलाच नव्हता!

माझ्या बुलेटच्या हेड स्टेडीचा (इंजिनचं हेड फ्रेमला बांधणारं ब्रॅकेट) नट दर राइडनंतर ढिला होतोय, त्याचं हे अपडेट. ताम्हिणीहून आलो, सवयीने पाना लावला, तर नट परत ढिला. आट्यांत निळं लॉकटाइट २४३ (नट धरून ठेवणारा गोंद), खाली स्प्रिंग वायसर, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला क्लिक करणारा पाना) ओढलेला, तरी ढिलाच! पण ह्यावेळी बोल्टचं टोक, नट आणि ब्रॅकेट तिन्हीवरून पिवळ्या मार्करची रेघ मारून ठेवली होती आणि ती केसभरही सरकलेली नव्हती. म्हणजे काहीच फिरलं नाही आणि तरी ढिलं. आता बोला.

आत्तापर्यंत सगळा संशय स्टेनलेसच्या बोल्टवर होता. निळ्याला हवा बंद व्हावी लागते आणि लोखंड-तांब्यासारखा धातू लागतो तेव्हा ते धरतं (बाटली अर्धी रिकामी येते ती ह्याचसाठी, आत हवा राहावी म्हणून), स्टेनलेसवर ते हळू पकडतं. ते लवकर धरावं म्हणून ॲक्टिव्हेटर मारून बघितला, स्टेनलेसऐवजी साधा ८.८ ग्रेडचा स्टीलचा बोल्ट घालून बघितला, फरक शून्य.

मग ब्रॅकेटच खोललं. वायसरखाली पावडर कोटिंगमध्ये (भट्टीत भाजलेला पावडरचा रंग) गोल खड्डा, कडेने कोटिंग फुगून वर आलेलं, नखाला लागत होतं! आता हिशोब बघा, २० मिमी पकड (डोक्यापासून नटापर्यंतची लांबी) असलेला बोल्ट पूर्ण ओढला तरी जेमतेम ४०-५० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) ताणतो, आणि त्या ताणानेच जोड घट्ट राहतो, आणि कोटिंगचा एकेक थर ६० ते १०० मायक्रॉन, तोही ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना आणि फ्रेमवर वेगळा. इंजिन तापलं, थर दबला, ताण गेला. आट्यांत जगातलं कुठलंही लॉक घाला, ते नटाला फिरू देणार नाही एवढंच, गेलेला ताण कुठून आणणार?

टेकणाऱ्या जागा ब्लेड आणि पॉलिश पेपरने पार धातूपर्यंत खरवडल्या, गंजू नये म्हणून ग्रीसचा हात फिरवला, जाड कडक प्लेन वायसर टाकला. स्प्रिंग वायसर भंगारात. जर्मनीच्या युंकरने १९६९ मध्येच दाखवलं की आडव्या हादऱ्याने जोड सरकला की नट आपोआप सुटतो, आणि त्या टेस्टवर स्प्रिंग वायसर काही कामाचा ठरत नाही. तरी पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत नटाबरोबर हातात देतातच. असो. लांब राइड मारून आलो, इंजिन थंड झाल्यावर रेंच लावला, नट न हलता लगेच क्लिक, म्हणजे ताण टिकला! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

आणखी एक, लाल लॉकटाइटने (निळ्यापेक्षा पक्कं) अडकून बसलेला एक स्टड निघाला एकदाचा. लालला २५० डिग्रीच्या आसपास गरम केल्याशिवाय सोडवायला जाऊ नका, स्टड मोडेल. गॅसचा टॉर्च मारला, जरासा धूर आला आणि गरम असतानाच करकरत आला बाहेर, आटे शाबूत.

नट फिरू नये म्हणून घालतात त्या वेज वायसरच्या (पाचरीसारख्या दातांच्या) जोड्या मागवणार होतो ते रद्द, फिरण्याचा प्रॉब्लेमच नाहीये तर कशाला. आणि हे लिहिता लिहिता लक्षात आलं, इंजिनच्या पुढच्या प्लेट्स आणि सायलेन्सरची पट्टीसुद्धा त्याच कोटिंगवाल्याकडून आल्यात! म्हणजे चेनगार्डचं ठरलेलं काम गेलं पुढे, आधी त्या खरवडणार. सायलेन्सरजवळ नायलॉक नटही (आत नायलॉनची रिंग असलेला) नको, १२० डिग्रीच्या पुढे त्यातलं नायलॉन टिकत नाही, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट बघतोय. जुन्या बुलेटच्या २६ टीपीआय (इंचाला २६) आट्यांत तसा कुणाला मिळाला असेल तर दुकान सांगा.