सांग्रोकाठची चिकणमाती

फोसाचेझिया हे इटलीच्या आब्रुझ्झो भागातले, आड्रियाटिक समुद्राच्या काठी टेकडीवर वसलेले छोटे गाव. मी पेस्कारात राहते आणि या किनाऱ्यावर पर्यटकांची मार्गदर्शक म्हणून काम करते. माझ्याबरोबर येणारी बहुतेक मंडळी दोनच गोष्टी पाहायला येतात. एक म्हणजे गावाबाहेरच्या उंचवट्यावरचा सान जोव्हान्नी इन व्हेनेरे हा मठ आणि दुसरी म्हणजे खाली समुद्रात लाकडी खांबांवर उभारलेले त्राबोक्की, ज्यांवर बसून कोळी रहाटाने जाळे पाण्यात सोडतात आणि होडी न घालता मासळी काढतात. मागच्या नोव्हेंबरात मात्र सातारा जिल्ह्यातले एक वयस्कर शेतकरी आपल्या मुलाबरोबर आले, ते या दोन्हींसाठी नव्हे. त्यांचे थोरले चुलते दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, इथे लढताना मारले गेले होते. घरात त्यांच्याबद्दल एवढेच माहीत होते की ते मराठा पलटणीत होते, इटलीत पडले आणि आजीला त्यांची पेन्शन येत असे.

मी त्यांना आधी मठावर नेले, कारण तिथून सगळा मुलूख एका नजरेत दिसतो. पूर्वी तिथे व्हीनस देवीचे मंदिर होते असे परंपरा सांगते, आणि मठाच्या नावातला ‘व्हेनेरे’ तिथूनच आला. आज दिसणारी मोठी वास्तू 1165 पासून ओदेरिझियो या मठाधिपतीने बांधायला घेतली. तळघरातले खांब त्याहून जुने, रोमन काळातले आहेत. दर्शनी बाजूच्या संगमरवरी दारावर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्मकथेतले प्रसंग कोरले आहेत, आणि एरवी मी तिथे बराच वेळ थांबते. समुद्र इतका जवळ असणे या गावांना नेहमीच लाभले असे नाही. 1566 मध्ये पियाले पाशाच्या तुर्की आरमाराने हा किनारा लुटला तेव्हा मठही सुटला नाही. शेतकरी काकांनी हे सारे आदराने ऐकून घेतले, पण त्यांची नजर दक्षिणेला, सांग्रो नदी समुद्राला मिळते त्या सपाट पट्ट्याकडे लागली होती. शेवटी त्यांनी विचारले, “बाई, आमचे लोक कुठल्या बाजूनं आले?”

या प्रश्नाचे उत्तर इथल्या जमिनीतच आहे. आपेनाइन्स पर्वतातून निघणाऱ्या नद्या एकीमागून एक आड्रियाटिकला मिळतात आणि दर दोन नद्यांच्या मध्ये एक डोंगरधार समुद्रापर्यंत उतरते. दक्षिणेकडून वर सरकणाऱ्या सैन्याला प्रत्येक वेळी नदी ओलांडायची, समोरची धार चढायची, आणि पलीकडे उतरले की पुढची नदी हजर. बिफेर्नो, त्रिन्यो आणि मग सांग्रो, असा तो क्रम. सांग्रोच्या उत्तरेकडच्या धारेवर, म्हणजे आम्ही उभे होतो त्याच रांगेवर, जर्मनांच्या गुस्ताव्ह नावाच्या बचावफळीचे पूर्वेकडचे टोक होते. ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यातली आठवी भारतीय डिव्हिजन समोरून आली. तिच्या 21व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. पुढे एप्रिल 1945 मध्ये सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे.

1943 च्या त्या नोव्हेंबरात पाऊस थांबत नव्हता. नदीला पूर आला, बांधलेले पूल वाहून गेले आणि मुख्य हल्ला पुढे ढकलावा लागला. 27 नोव्हेंबरच्या रात्री भारतीय डिव्हिजनच्या पायदळाने धारेवरच्या मोत्साग्रोन्या गावात मुसंडी मारली, पण साथीचे रणगाडे वेळेवर वर पोहोचू शकले नाहीत. जर्मनांनी आग ओकणारे रणगाडे घालून गाव परत घेतले आणि ते दुसऱ्यांदा लढून जिंकावे लागले. 30 नोव्हेंबरला फोसाचेझिया ब्रिटिश तुकड्यांच्या हाती आले, तोवर तोफा आणि विमानांच्या माऱ्यात गावाची मोठी पडझड झाली होती. गावातली बरीच घरे नवी का दिसतात, याचे उत्तर त्यातच आहे.

हे सगळे मी सांगत होते तेव्हा आम्ही मठाखालच्या ऑलिव्हच्या बागेतून जाणाऱ्या पायवाटेवर होतो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि बुटांना मातीचे लपके चिकटत होते. काका वाकले, चिमूटभर माती उचलून तळहातावर तिची गोळी वळली, मग अंगठ्याने चेपून तिची लांब फीत काढली. ती तुटली नाही. ते म्हणाले, “निव्वळ चिकण आहे ही. आता आठवडाभर वाफसा येणार नाही. अशा रानात आम्ही बैलसुद्धा घालत नाही, त्यात रणगाडा कुठून चढायचा?” या टेकड्यांच्या माथ्यावर वाळू आणि गोट्यांचा थर आहे आणि त्याखाली जुन्या समुद्रतळाची जाड निळसर चिकणमाती आहे, हे मी भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत वाचून पर्यटकांना सांगत आले होते. पावसाळ्यात हे उतार घसरतात, हेही सांगत होते. पण रणगाडे का अडकले आणि पायदळ वर एकटे का पडले, हे इतक्या नेमकेपणाने मला कुणी समजावले नव्हते. त्यांना एका युद्धाची हकिगत हवी होती आणि ती त्यांनी स्वतःच मातीतून काढली.

नदी ओलांडून आम्ही तोरिनो दी सांग्रोच्या हद्दीतल्या युद्धस्मशानात गेलो. ते दक्षिण काठावर, म्हणजे हल्ला जिथून निघाला त्या बाजूच्या उतारावर आहे. 2,600 हून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे रांगेने आहेत. ज्या भारतीय सैनिकांवर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले त्यांच्यासाठी वेगळे स्मारक आहे आणि त्यावर पाचशेहून जास्त नावे आहेत. ती पलटणवार कोरलेली असल्याने मराठा लाइट इन्फंट्री सापडायला वेळ लागला नाही. आडनाव सापडल्यावर मुलाने बोट ठेवून वाचून दाखवले, कारण रोमन अक्षरे काकांना वाचता येत नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गावाकडून आणलेले हळदकुंकू नावाखाली वाहिले आणि मोठ्याने, कुणाशी तरी बोलावे तसे म्हणाले, “दादा, आजी शेवटपर्यंत वाट बघत होती.” मी बाजूला सरकले. असे क्षण माझ्या कामात फार येत नाहीत, आणि ते आले की मार्गदर्शकाने गप्प राहावे असे माझे ठाम मत आहे.

परतताना ते पिकांबद्दल विचारत राहिले: इथे द्राक्षाला पाणी कसे देतात, ऑलिव्हची काढणी केव्हा संपते, उताराची माती वाहून जाऊ नये म्हणून काय करतात. मला आले तेवढे सांगितले, बाकी वाटेत भेटलेल्या एका बागायतदाराला विचारून घेतले. काकांनी त्यालाही मातीची फीत काढून दाखवली आणि त्या दोघांना माझी फारशी गरज उरली नाही.

आता फोसाचेझियाला येणाऱ्यांना मी आधी नदीवर नेते, पात्रात उभे राहून उत्तरेची धार बघायला लावते, आणि मगच मठावर चढवते. खालून पाहिल्याशिवाय त्या उंचीचा अर्थ कळत नाही.